आजीचा झोपाळा आणि घडीव लोखंड

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मला आधी हसूच आलं. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ऱ्हस्व-दीर्घ हे माझे जन्माचे वैरी. घरी आम्ही मराठी, थोडी अहिराणी आणि नंदुरबारात राहून आपोआप येते तेवढी गुजराती असं सगळं मिसळून बोलतो, त्यामुळे शुद्ध मराठी म्हणजे नक्की कोणती हाच मला प्रश्न. पण विषय असा सापडला की तो इंग्लिशमध्ये लिहिला असता तर अर्धी मजा गेली असती. का, ते पुढे कळेलच. चुका पोटात घाला.

तर झालं असं. जुन्या नंदुरबारात आमचं एक घर आहे. आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. खाली ओसरी, वर माडी, सागाच्या तुळया, आणि ओसरीत चार लोखंडी साखळ्यांवर टांगलेला झोपाळा. आजोबा गेल्यापासून आजी दिवसातले निदान पाच तास त्या झोपाळ्यावर असते. भाजी तिथेच निवडते, पेपर तिथेच वाचते, आलेल्या-गेलेल्याची चौकशी तिथूनच करते. गेल्या दिवाळीत घरी गेले तर मोठ्या काकांनी ठरवलेलं, की घर पाडून स्लॅबचं बांधायचं. त्याबद्दल कोणाचं फारसं दुमत नव्हतं, कारण मागची भिंत खरोखरच फुगली आहे. भांडण झालं ते भंगारावरून.

भंगारवाला आला, त्याने दाराच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज आणि झोपाळ्याच्या साखळ्या सगळं एका नजरेत मोजलं आणि सगळ्याला किलोचा एकच भाव सांगितला. आजी म्हणाली, "साखळ्या द्यायच्या नाहीत. नव्या घरात झोपाळा ह्याच साखळ्यांवर टांगायचा." काका म्हणाले, "आई, त्या शंभर वर्षांच्या आहेत. कड्या झिजल्यात. तू किंवा उद्या पोरं पडली तर? बाजारात नवीन चकचकीत मिळतात, स्टीलच्या." आजी काही बोलली नाही, फक्त झोपाळ्यावरून उठली नाही. मग काकांनी माझ्याकडे वळून जे वाक्य टाकलं त्यामुळे हा लेख लिहावा लागला: "तू मेकॅनिकलची ना? मग सांग, साखळी चालेल की नाही?"

दोन वर्षं फी भरल्यावर घरच्यांनी विचारलेला पहिलाच टेक्निकल प्रश्न! आणि मला उत्तर येत नव्हतं.

पहिली अडचण म्हणजे ते लोखंड कुठलं तेच माहीत नव्हतं. आपण 'लोखंड' ह्या एका शब्दात सगळं कोंबतो. इंग्लिशमध्ये शिकताना मी कास्ट आयर्न, रॉट आयर्न, माइल्ड स्टील अशी नावं पाठ केली होती, पण पाठच. त्यातलं 'रॉट' म्हणजे काय हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर गंजून सडलेलं असं काहीतरी असावं असा माझा समज होता! डिक्शनरीत पाहिलं तर तो 'वर्क' ह्या क्रियापदाचा जुना भूतकाळ निघाला. म्हणजे काम केलेलं, ठोकून घडवलेलं लोखंड. आणि मराठीत त्याला सरळ नाव आहे, घडीव लोखंड. त्याच्या विरुद्ध ओतीव, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेलं. ओतीव लोखंडाला आपण बीडही म्हणतो. बिडाचा तवा आजी रोज वापरते आणि मी कास्ट आयर्न पाठ करत बसले होते. दोन्हीचं नाव ऐकल्याबरोबर ते कसं तयार झालं हे कळतं. पुस्तकाच्या दोन पानांचं काम दोन शब्दांत.

आता ह्या दोघांत फरक कसला? मुख्यतः कार्बनचा. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते सुमारे बाराशे अंश सेल्सियसला वितळतं, साच्यात छान भरतं, पण ठिसूळ असतं. बिडाचा तवा फरशीवर पडला तर फुटतो (आमच्याकडे फुटलेला आहे, कोणी पाडला ते विचारू नका). घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नाहीच, ०.१ टक्क्याच्याही खाली. ते वितळायला पंधराशेच्या वर जावं लागतं, आणि कोळशाच्या जुन्या भट्ट्यांची तेवढी ताकदच नव्हती. म्हणून जुन्या काळी लोखंड वितळवलंच जात नसे. खनिजातून लोखंडाचा एक स्पंजासारखा मऊ गोळा मिळायचा, त्यात राखरांगोळी आणि काचेसारखी मळी भरलेली. तो लाल असताना ठोकायचा, मळी पिळून बाहेर काढायची, घडी घालून पुन्हा ठोकायचा. कणीक मळल्यासारखंच. कितीही ठोकलं तरी एक ते तीन टक्के मळी आत राहतेच आणि ठोकण्याच्या दिशेने तिचे बारीक तंतू होतात. घडीव लोखंडाची खरी ओळख हे तंतू. माइल्ड स्टील मात्र वितळवूनच तयार होतं, त्यामुळे मळी वर तरंगून निघून जाते. त्यात तंतू नसतात.

ही विद्या आपल्या भागात फार जुनी आहे. नागपूरजवळ नाईकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांपलीकडची. दिल्लीचा लोहस्तंभ सगळ्यांना माहीत असतो, सात मीटर उंच, सहा टनांच्या वर वजन, सोळाशे वर्षं उघड्यावर. पण आपल्या जिल्ह्यातून सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशात धार लागतं. तिथे लाट मशिदीजवळ एक लोहस्तंभ तीन तुकड्यांत पडलेला आहे. तिन्ही तुकडे जोडले तर तेरा मीटरच्या वर जातो, वजन सुमारे सात टन. म्हणजे दिल्लीच्या जवळजवळ दुप्पट लांब! एवढा मोठा खांब एका वेळी ओतलेला नाही. लहान लहान तुकडे तापवून एकमेकांवर ठोकून वाढवत नेलेला. आपल्या हॉस्टेलमधून वर्षाला दोन ट्रिपा मांडूला जातात, धार तिथून जवळच आहे, आणि आजवर कोणी तिथे उतरल्याचं मी ऐकलेलं नाही.

युरोपात हेच काम मोठ्या प्रमाणात करायची युक्ती १७८४ साली हेन्री कॉर्ट ह्या इंग्रजाने पेटंट केली. तिला पडलिंग म्हणतात. वितळलेलं बीड भट्टीत लांब सळईने ढवळत राहायचं, कार्बन जळून जातो. गंमत बघा, जसा कार्बन कमी होतो तसा वितळण्याचा बिंदू वर चढतो, भट्टीची आच तीच राहते, म्हणून पातळ रस डोळ्यांदेखत घट्ट व्हायला लागतो. खव्यासाठी दूध आटवताना होतं तसं. तो गोळा बाहेर काढायचा, ठोकायचा, रोलमधून लाटायचा. माणूस भट्टीसमोर उभा राहून हे हाताने ढवळायचा. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली पुरा झाला तो अशाच ७३०० टन लोखंडाचा. पण १८५६ साली बेसेमरने स्वस्त पोलादाची पद्धत काढली होती आणि हळूहळू तीच सगळीकडे झाली. ब्रिटनमधला घडीव लोखंडाचा शेवटचा मोठा कारखाना बोल्टन गावात होता, तोही १९७३ च्या सुमारास बंद पडला.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आज शोरूममध्ये 'रॉट आयर्न'चा म्हणून जो पलंग, सोफा, गॅलरीची जाळी विकतात, ते रॉट आयर्न नसतं! आमच्या धाकट्या काकूंनी असा एक नक्षीदार पलंग घेतलाय. मी दिवाळीत त्याच्या पायाला टिचकी मारली तर पोकळ आवाज. माइल्ड स्टीलचा पाइप, वर काळी पावडर कोटिंग. काकूंना हे सांगितल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पलंग वाईट आहे असं माझं म्हणणंच नव्हतं. नाव तेवढं खोटं. आपल्या हॉस्टेलच्या कॉट निदान प्रामाणिक आहेत, अँगल आणि पट्टी, करकरतात पण कोणी त्यांना रॉट आयर्न म्हणत नाही.

असो. साखळीकडे येते.

साखळी न मोडता तपासायची कशी? सुदैवाने वरच्या आकड्याच्या पलीकडे प्रत्येक साखळीच्या दोन-तीन जास्तीच्या कड्या नुसत्याच लोंबत होत्या. उंची कमी-जास्त करायला ठेवलेल्या असाव्यात. त्यातली एक काढून घेतली, आणि खिडकीच्या तुटलेल्या गजाचा वीतभर तुकडा. दोन्ही बॅगेत टाकून हॉस्टेलवर आले. रूममेटने बॅग उचलून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला आणि घरून लाडू आणलेत की दगड असं विचारलं.

वर्कशॉपच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी ठिणग्या बघ. ही परीक्षा पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी जर्नलमध्ये लिहिलेली आहे आणि कोणीच नीट पाहिलेली नाही. गॉगल लावून बेंच ग्राइंडरवर तुकडा टेकवायचा. जास्त कार्बनचं पोलाद असेल तर ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, भरपूर चांदण्या. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. माइल्ड स्टीलच्या लांब, मधूनमधून फाटे फुटणाऱ्या. आणि घडीव लोखंडाच्या लांब, गवती पिवळ्या, सरळ रेषा, टोकाला जरा रुंद होणाऱ्या, फाटे जवळजवळ नाहीत. गजाचा तुकडा टेकवला, फाटे दिसले. माझा चेहरा पडला. मग साखळीची कडी टेकवली. सरळ रेषा! सर स्वतः वाकून बघायला लागले.

एका परीक्षेवर विसंबू नये म्हणून दुसरी. कडीचा एक तुकडा हॅकसॉने अर्ध्यापर्यंत कापायचा, व्हाइसमध्ये धरायचा आणि वाकवायचा. माइल्ड स्टील कापलेल्या जागी वाकतं किंवा सफाईने तुटतं. ह्या तुकड्याचं काय झालं सांगू? तो सोलला गेला. हिरवी काठी मोडताना कशी एका फटक्यात तुटत नाही, शिरा ताणल्या जातात, धागे निघतात, अगदी तसा. लोखंडाला शिरा असतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पुस्तकात 'फायब्रस फ्रॅक्चर' असं लिहिलेलं असतं आणि आपण दोन मार्कांसाठी ते लिहून मोकळे होतो.

तिसरी मेटलर्जी लॅबमध्ये. तुकडा एमरी पेपरवर एक एक नंबर चढवत घासायचा, मग कापडी चाकावर आरशासारखा करायचा (माझा तळहात अजून दुखतो), नायटल लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली शंभरपट मोठा करून बघायचा. पांढरे फेराइटचे दाणे आणि त्यातून आडव्या धावणाऱ्या काळ्या रेघा. मळीचे तंतू. आता शंकाच नव्हती. गजाच्या तुकड्यात मात्र रेघा नव्हत्या, फेराइटबरोबर पर्लाइटचे ठिपके होते, सरळ माइल्ड स्टील. घरी फोन केला तर आजी म्हणाली, "ते गज तुझ्या बाबांच्या मुंजीच्या वेळी बदललेत, आधीचे चोरट्यांनी वाकवले होते." हे तिने आधी सांगितलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

पण लोखंड कुठलं हे कळलं म्हणजे साखळी चालेल असं होत नाही. काकांचा प्रश्न झिजेचा होता आणि तो बरोबर होता. कडीला कडी जिथे टेकते तिथे शंभर वर्षं घासून खड्डा पडलेला. व्हर्नियरने मोजलं तर मूळ जाडी १२ मिलिमीटर आणि सगळ्यात झिजलेल्या जागी ९. पाऊण राहिली, म्हणजे ताकद पाऊण राहिली असं वाटतं ना? नाही. ताकद क्षेत्रफळावर असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. पाऊणचा वर्ग म्हणजे ०.५६. साखळीची ४४ टक्के ताकद गेलेली होती. हा आकडा बघून मीच घाबरले.

मग शांतपणे हिशोब केला. पाट आणि त्यावर बसणारी तीन माणसं मिळून २४० किलो धरले. झोके जोरात घेतले तर ताण वाढतो, म्हणून दुप्पट, ४८०. चार साखळ्यांवर भार कधीच सारखा वाटला जात नाही, म्हणून दोनच साखळ्या काम करतात असं समजायचं, एकीवर २४० किलो. घडीव लोखंडाचं ताणबल ढोबळमानाने ३०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरलं तर ९ मिलिमीटरच्या दोन बाजू मिळून सुमारे ३९०० किलो होतात. म्हणजे सोळापट. कडी गोल असल्याने तिथे वाकण्याचाही ताण येतो, तो मी धरलेला नाही, म्हणून निम्मे करा, आठपट. कडीचा सांधा लोहाराने ठोकून जोडलेला, तो कसा आहे माहीत नाही, पुन्हा निम्मे करा, चौपट. डिझाइनच्या सरांना कागद दाखवला. ते म्हणाले, हिशोब ठीक आहे, पण सांध्याला निम्मे करून चालत नाही. सांधा एकतर धरलेला असतो नाहीतर नसतो. तो बघायला लागेल.

तो बघणारा माणूस आपल्याकडे लॅबमध्ये नाही. सांधा ठोकणाराच सांधा ओळखतो. संक्रांतीच्या सुट्टीत काका मला आणि चारही साखळ्यांना गाडीत घालून जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या लोहारबाबांकडे घेऊन गेले. भाता आता नाही, विजेचा पंखा आहे. ऐरण मात्र त्यांच्या वडिलांची. बाबांनी साखळी हातात घेतली, दोन बोटांनी एक कडी फिरवली आणि म्हणाले, "हाई लोखंड जुनं शे, बेटा." ठिणगी नाही, मायक्रोस्कोप नाही! मी मेटलर्जीचे माझे सगळे पराक्रम सांगायच्या बेतात होते, गप्प बसले.

मग त्यांनी साखळी खुंटीला टांगली आणि एकेका कडीवर छोट्या हातोडीने टिचकी मारत गेले. टण, टण, टण. तिसऱ्या साखळीच्या मधल्या एका कडीला ठक. माझ्या कानालाही कळलं एवढा फरक. कडी चुन्याने पुसली, रॉकेलमध्ये बुडवून काढली, पुसून पुन्हा चुना लावला. चुन्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. सांध्यात चीर. (मित्रांनो, ह्याच परीक्षेला आपण डाय पेनिट्रंट टेस्ट म्हणतो.) काका माझ्याकडे बघत होते. ते चूक नव्हते. ती कडी एक दिवस उघडली असती.

मी म्हणाले, गावात वेल्डिंगवाला आहे, मारून घेऊ. बाबा नको म्हणाले. कडी भट्टीत घातली, पांढरी होईपर्यंत तापवली, चीर उघडून साफ केली, थोडा टाकणखार टाकला, पुन्हा तापवली, आणि ऐरणीवर धरून चार-पाच घाव. जुना सांधा दिसेनासा झाला. दोन तुकडे असे नुसत्या घावाने एकजीव करणं घडीव लोखंडाला फार मानवतं, कारण त्यातली मळीच वितळून वरचा गंज धुऊन नेते. माइल्ड स्टीललाही असा जोड देता येतो, पण ते जास्त नखरे करतं. जुन्या काळी जहाजाच्या नांगरापासून विहिरीच्या रहाटापर्यंत सगळ्या साखळ्या घडीव लोखंडाच्या का असत हे मला तिथे उभं राहून कळलं. साखळी म्हणजे शेवटी शेकडो सांधेच.

त्यानंतर त्यांनी चारही साखळ्या लाल केल्या आणि राखेत पुरून ठेवल्या. म्हणाले, उद्या या. लोखंड थकतं, त्याला एक रात्र झोपू द्यावं लागतं. आपल्या भाषेत ॲनीलिंग. वर्षानुवर्षं एकमेकांवर आपटून कड्यांचा पृष्ठभाग कडक होतो, ठिसूळपणा येतो. तापवून सावकाश थंड केलं की तो जातो. ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या घडीव लोखंडाच्या साखळ्या ठराविक मुदतीने ॲनील करायच्या असा कायद्याचा नियमच होता. बाबांनी तो कायदा वाचला असण्याची शक्यता कमी.

ते थांबलेल्या वेळात इकडचं तिकडचं बोलले. आता त्यांच्याकडे काम येतं ते विळे, कोयते, कुऱ्हाडींना धार लावायचं आणि पाणी द्यायचं. नवीन घडीव लोखंड मिळत नाही, म्हणून ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्या आणतात आणि त्यातून कोयते बनवतात. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणारे घिसाडीही तेच करतात. त्यांच्यात बाईच्या हातात घण असतो आणि नवरा सांडशीने लोखंड धरतो. शहाद्याच्या रस्त्याला तुम्हीही पाहिलं असेल. धडगाव-तळोद्याच्या बाजारात मिळणारी पाती अशीच घडवलेली असतात. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे नालबंद बसतात आणि झिजून पडलेला नाल उंबऱ्यावर ठोकायला लोक मागून नेतात. म्हणजे माल पोलादाचा झाला, पण घडवणं तसंच आहे. मला विचाराल तर काकूंच्या पलंगापेक्षा कमानपट्टीचा कोयता 'रॉट' ह्या नावाला जास्त लायक आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, कारण हॉस्टेलमध्ये ह्यावर वाद झाला. घडीव लोखंड गंजतच नाही ही समजूत खरी नाही. दिल्लीच्या स्तंभावर आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी बरंच संशोधन केलं. त्यांनी दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, सुमारे पाव टक्का, आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ घट्ट थर धरला गेला जो पुढचा गंज अडवतो. आजच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम काढून टाकतात, कारण तो धातूला थंडपणी ठिसूळ करतो. शिवाय दिल्लीची कोरडी हवा. आमच्या साखळ्या टिकल्या त्यालाही नंदुरबारचा उन्हाळा कारणीभूत आहेच, आणि दर दसऱ्याला आजोबा त्यांना तेलाचं बोट फिरवायचे तेही. हेच घर मुंबईत समुद्राजवळ असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

आता झोपाळा कुठे आहे? जुनं घर उतरवलंय, नव्याची प्लिंथ झाली आहे. दारांच्या कड्या-कोयंडे आजीने कापडात बांधून ठेवलेत. गज भंगारात गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्लॅब पडायच्या आधी झोपाळ्याचे हुक सळ्यांना बांधून घ्यायचे आहेत. नंतर ड्रिल मारून अँकर ठोकण्यापेक्षा ते बरं. हुकांची जाडी काकांनी मलाच काढायला सांगितली आहे आणि ह्या वेळी मी सिव्हिलच्या एका मैत्रिणीला मदतीला घेतलंय. तोपर्यंत चारही साखळ्या भाड्याच्या घरात आजीच्या पलंगाखाली, ग्रीस लावून, गोणपाटात. आजी खुर्चीवर बसून भाजी निवडते आणि खुर्ची हलत नाही म्हणून कुरकुरते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा जुन्या दाराची साखळी, रहाटाची कडी, पाळण्याचा आकडा, मोठ्या डोक्याचे हाताने केलेले खिळे असं काही दिसतं का बघा. भंगारात जाणारच असेल तर त्यातला बोटभर तुकडा माझ्यासाठी आणा. लॅबच्या सरांनी शनिवारी दुपारी पॉलिशिंग मशीन वापरायची परवानगी दिली आहे. घासायला मात्र स्वतः यावं लागेल.